कॅब खरंच बिनकामाची आहे का? एका गाजलेल्या निष्कर्षाची चिकित्सा



पेपर कसा वाचावा, गृहीतक कसं मांडावं, यावर आपण बरंच बोललोय. पण नुसतं बोलून उपयोग नाही, एकदा करून बघायला हवं. म्हणून आज एक पुस्तक, त्यातलं एक प्रकरण आणि त्या प्रकरणातला फक्त एक निष्कर्ष घेऊ आणि तो शांतपणे उलगडून बघू. पेटच्या मुलाखतीला जाणाऱ्यांनी हे जरूर वाचा. 'तुमच्या प्रस्तावाचा आधार काय?' हा प्रश्न तिथे येतोच, आणि माझ्या वेळी तो आला तेव्हा माझी बोलती बंद झाली होती. ती गोष्ट पुढे सांगते.

आधी विषय समजून घेऊ

पुस्तकाचं नाव 'अ‍ॅक्सिलरेट'. लेखक निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम, साल २०१८. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीम्सपैकी काही वेगाने आणि विश्वासाने काम करतात, काही अडखळत राहतात. असं का होतं, हे चार वर्षांच्या सर्वेक्षणांवरून शोधायचा हा प्रयत्न आहे. दोन हजारांहून जास्त संस्थांमधून तेवीस हजारांवर प्रतिसाद त्यांनी गोळा केले. आयटीतल्या लोकांमध्ये हे पुस्तक जवळजवळ पोथीसारखं वाचलं जातं.

यातला आपला विषय आयटी चेंज मॅनेजमेंट. इथे एक सूचना. नुसतं 'चेंज मॅनेजमेंट' शोधलंत तर जॉन कॉटर आणि त्यांच्या आठ पायऱ्या समोर येतील. तो विषय वेगळा आहे. तिथे संस्थेतल्या माणसांना बदलासाठी कसं तयार करायचं याची चर्चा असते. आपण बोलतोय ते चालू यंत्रणेतल्या बदलाबद्दल: सर्व्हरवर पॅच टाकायचा, डेटाबेसचा तक्ता बदलायचा, फायरवॉलचा नियम काढायचा. असा प्रत्येक बदल म्हणजे एक 'चेंज'. त्याचं तिकीट निघतं, त्यात धोका लिहितात, उलट फिरायची वाट म्हणजे रोलबॅक लिहितात, मग मंजुरी मिळते.

मंजुरी देणारी समिती म्हणजे चेंज अ‍ॅडव्हायझरी बोर्ड, बोलीभाषेत 'कॅब'. (पुण्यात कॅब म्हटलं की आधी नाईट शिफ्टची गाडी आठवते, पण ही कॅब वेगळी!) ही कल्पना रुळवली आयटीआयएल या चौकटीने. ती १९८० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश सरकारच्या एका संस्थेने तयार केली. आयटीआयएलमध्ये बदलांचे तीन प्रकार आहेत. स्टँडर्ड म्हणजे नेहमीचे, आधीच मंजूर असलेले. नॉर्मल म्हणजे तपासून मंजूर करायचे. इमर्जन्सी म्हणजे तातडीचे. हे तीन प्रकार लक्षात ठेवा, पुढे लागतील.

निष्कर्ष काय आहे?

लेखकांनी सर्वेक्षणात विचारलं की तुमच्याकडे बदलांना मंजुरी कशी मिळते. पर्याय चार होते. एक, प्रत्येक बदलाला टीमबाहेरच्या कुणाची तरी मंजुरी लागते, मॅनेजरची किंवा कॅबची. दोन, फक्त जास्त धोक्याच्या बदलांना लागते. तीन, सहकारीच एकमेकांचे बदल तपासतात. चार, मंजुरीची पद्धतच नाही.

उत्तरं अशी आली: बाहेरची मंजुरी घेणाऱ्या टीम्सची कामगिरी कमी. सहकाऱ्यांकडून तपासून घेणाऱ्यांची किंवा मंजुरीच नसणाऱ्यांची कामगिरी जास्त. 'फक्त धोक्याच्या बदलांना मंजुरी' या पर्यायाचा कामगिरीशी संबंध दिसला नाही. आणखी खोलात गेल्यावर दिसलं, की बाहेरची मंजुरी असेल तिथे बदल पोचायला वेळ जास्त लागतो, बदल कमी वेळा जातात, बिघाडातून सावरायलाही वेळ लागतो. आणि बदल फसण्याच्या प्रमाणाशी मंजुरीचा काहीच संबंध नाही.

यावरून लेखक म्हणतात, की बाहेरच्या मंजुरीने यंत्रणा स्थिर होत नाही, काम मात्र मंदावतं. एवढंच नाही, ती मंजुरी नसण्यापेक्षाही वाईट आहे.

२०१९ च्या त्यांच्या वार्षिक अहवालातही हाच सूर आहे. जड, औपचारिक मंजुरी प्रक्रिया असणारे सर्वात खालच्या गटात असण्याची शक्यता २.६ पट.

आता खरं सांगते. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी आनंदाने टेबलवर हात आपटला होता. एमएस्सी झाल्यावर पीएचडीला येण्याआधी दोन वर्षं मी एका आयटी कंपनीत सपोर्टला होते. परदेशी क्लायंटची कॅब म्हणजे आमची संध्याकाळ. वीस-पंचवीस माणसं कॉलवर, त्यातले निम्मे म्यूटवर, आणि दर तीन मिनिटांनी 'एनी ऑब्जेक्शन्स? अप्रूव्हड'. मला वाटायचं, हे सगळं थोतांड आहे. आणि इथे तर तेवीस हजार लोक माझ्या बाजूने उभे! मी माझा अख्खा प्रस्ताव या एका वाक्यावर उभा केला. 'बाहेरची मंजुरी निरुपयोगी असल्याचं सिद्ध झालं आहे, म्हणून पर्यायी प्रारूप हवं', अशी सुरुवात.

रिसर्च कमिटीच्या बैठकीत एका मॅडमनी ते वाक्य वाचलं आणि विचारलं, "'सिद्ध झालं आहे' हे तुझं की त्यांचं?"

मी गप्प. कारण पद्धतीचं प्रकरण मी चाळलं होतं, वाचलं नव्हतं.

तर ते वाचन आता तुमच्यासमोर करते.

पहिला प्रश्न: कोण कुणाचं कारण?

पुस्तकाच्या दुसऱ्या भागात लेखक आपली पद्धत मोकळेपणाने सांगतात. विश्लेषणाचे सहा प्रकार ते देतात आणि स्वतः पहिले तीन वापरल्याचं म्हणतात: वर्णनात्मक, शोधात्मक आणि सिद्धान्तावर आधारलेलं अनुमानात्मक. कार्यकारण तपासणारं विश्लेषण आपण केलेलं नाही, हे त्यांच्याच मांडणीतून स्पष्ट होतं. म्हणजे 'सिद्ध झालं' हा शब्द माझा होता, त्यांचा नाही. (धडा एक: पद्धतीचं प्रकरण आधी वाचा, निष्कर्ष नंतर.)

पण मग 'नसण्यापेक्षा वाईट' हे वाक्य कुठून आलं? त्यात कार्यकारणाचा वास आहेच. समजा एका बँकेत पंचवीस वर्षं जुनी यंत्रणा आहे, कुणालाच ती पूर्ण कळत नाही, दर बदलाला भीती वाटते. तिथे कॅब असणारच. आणि एक नवी कंपनी, सगळं क्लाऊडवर, स्वयंचलित चाचण्या चोख. तिथे कॅब लागतच नाही. आता दोन्हीकडची कामगिरी मोजली तर कॅब असलेलीकडे ती कमीच दिसेल. पण कॅबमुळे कामगिरी खालावली, की यंत्रणा नाजूक म्हणून कॅब आली? दवाखान्यात जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आजारी असतात, म्हणून दवाखाना आजार देतो असं आपण म्हणत नाही ना?

एकाच वेळी घेतलेल्या सर्वेक्षणातून हा गुंता सुटत नाही. तेवीस हजार असोत की तेवीस लाख, नमुना मोठा केल्याने दिशा कळत नाही. हे मी सांख्यिकीत शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि आवडता निष्कर्ष समोर आल्यावर विसरले.

आणखी एक गोष्ट. नमुना 'स्नोबॉल' पद्धतीचा आहे, म्हणजे ओळखीतून ओळख. लेखकांनी ते लपवलेलं नाही. या क्षेत्रातल्या लोकांची तयार यादी कुठेच नाही, हे कारण त्यांनी दिलंय आणि ते पटण्यासारखं आहे. पण उत्तर देणारा माणूस मंजुरीबद्दलही सांगतोय आणि कामगिरीबद्दलही. कॅबवर वैतागलेला माणूस दोन्ही उत्तरं वैतागून देऊ शकतो. यासाठी सांख्यिकीय तपासण्या केल्याचं लेखकांनी नोंदवलं आहे, पण अशा तपासण्यांनी शंका कमी होते, संपत नाही.

दुसरा प्रश्न: उत्तर व्याख्येतच दडलंय का?

हा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण तो चटकन दिसत नाही.

'कामगिरी' म्हणजे त्यांनी काय मोजलं? चार गोष्टी प्रसिद्ध आहेत: बदल पोचायला लागणारा वेळ, बदल किती वेळा जातात, बिघाडातून सावरायचा वेळ आणि बदल फसण्याचं प्रमाण. पण सांख्यिकीय तपासणीत पहिल्या तीनच गोष्टी एका मापात नीट बसल्या. चौथी त्यांच्याशी जोडलेली आहे, पण त्या मापाचा भाग नाही. हेही पुस्तकात लिहिलंय, फक्त लक्ष देऊन वाचावं लागतं.

आता विचार करा. कॅब आठवड्यातून एकदा बसते. बदलांची तिकिटं आठवडाभर सारखी येत राहिली, तर प्रत्येक बदल सरासरी साडेतीन दिवस नुसता ताटकळतो. म्हणजे बदल पोचायचा वेळ वाढला. आठवड्यातून एकदाच मंजुरी, म्हणून बदलही कमी वेळा जातात. तीनपैकी दोन मापं कॅबच्या रचनेमुळेच खाली गेली. तिसरं, सावरायचा वेळ, थेट व्याख्येतून येत नाही हे मान्य. पण दुरुस्ती हासुद्धा एक बदलच, आणि त्यालाही मंजुरी लागत असेल तर तिथेही थांबणं आलंच.

मग 'कॅब असलेल्यांची कामगिरी कमी' या वाक्याचा बराचसा अर्थ 'जिथे थांबावं लागतं तिथे वेळ लागतो' एवढाच उरतो. हे खोटं नाही. पण यात शोध किती आणि पुनरुक्ती किती, हे विचारायला हवं. मंजुरीची किंमत काय हे त्यातून कळतं. तिचा फायदा आहे का, याचं उत्तर चौथ्या मापाकडे, म्हणजे फसण्याच्या प्रमाणाकडे आहे.

तिसरा प्रश्न: 'संबंध दिसला नाही' म्हणजे 'परिणाम नाही'?

फसण्याचं प्रमाण विचारताना पर्याय टप्प्यांत दिले होते: ० ते १५ टक्के, १६ ते ३० टक्के, असे. आता एका टीमचे शंभरातले दोन बदल फसतात, दुसरीचे चौदा. फरक सात पटींचा, पण दोघी एकाच खान्यात! असं माप हातात घेऊन 'संबंध दिसला नाही' म्हणणं म्हणजे शेतमालाच्या वजनकाट्यावर सोनं तोलून 'दोन्ही अंगठ्या सारख्याच' म्हणण्यासारखं आहे.

दुसरं, प्रमाणात नुकसानाचा आकार दिसत नाही. वेबसाइटवरच्या बटणाचा रंग चुकला तरी एक बदल फसला, आणि बँक चार दिवस बंद पडली तरी एकच बदल फसला. कॅब भरवणाऱ्यांचा दावा मुळात दुसऱ्या प्रकारच्या घटना टाळण्याचा असतो. त्या दुर्मीळ असतात आणि सरासरीत बुडून जातात.

तिसरं, वर म्हटलं तसं, नाजूक यंत्रणांकडेच कॅब असेल आणि तरीही त्यांचं फसण्याचं प्रमाण इतरांइतकंच असेल, तर ते कॅबचं यशही असू शकतं! मी म्हणत नाही की आहे. मी म्हणतेय की हा विदा दोन्ही गोष्टींशी जुळतो.

चौथा प्रश्न: पर्याय वास्तवाशी जुळतात का?

चार पर्यायांतला एक निवडायचा होता. पण खऱ्या संस्थेत हे चारही एकत्र नांदतात. आमच्याकडे पासवर्ड बदलणं स्टँडर्ड, म्हणजे विनामंजुरी. कोड सहकाऱ्याने तपासायचा. नेटवर्कचा बदल कॅबकडे. आणि रात्री तीनला काही पेटलं की आधी विझवायचं, तिकीट नंतर. अशा ठिकाणच्या माणसाने कुठल्या खान्यात खूण करायची?

शिवाय 'प्रत्येक बदलाला बाहेरची मंजुरी' हे आयटीआयएलसुद्धा सांगत नाही. स्टँडर्ड बदल मंजुरीच्या रांगेतून मोकळे ठेवा, असंच तिथे म्हटलंय. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत तर या प्रक्रियेचं नाव आधी 'चेंज कंट्रोल' आणि नंतर 'चेंज एनेबलमेंट' झालं, आणि मंजुरी कुणी द्यायची हे बदलाच्या स्वरूपावर सोडलं गेलं. त्यामुळे टीका होतेय ती चौकटीवर, की चौकट वाईट राबवणाऱ्यांवर, हे वेगळं करायला हवं होतं.

मग घटनांकडे बघायचं का?

सर्वेक्षण नको असेल तर लोक घटनांकडे वळतात. तीन गाजलेल्या घटना बघू.

नाईट कॅपिटल, १ ऑगस्ट २०१२. अमेरिकेतली शेअर व्यवहार करणारी कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, एका सर्व्हरवर टाकायचा राहून गेला. त्या सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेला जुना कोड जागा झाला. ४५ मिनिटांत चाळीस लाखांवर व्यवहार झाले आणि ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. गडबडीत त्यांनी नवा कोड बरोबर असलेल्या सात सर्व्हरवरून काढला, त्यामुळे तेही बिघडले. नियामक एसईसीच्या आदेशात ठळकपणे येतं, की दुसऱ्या तंत्रज्ञाने काम तपासावं अशी लेखी पद्धतच नव्हती. म्हणजे इथे सहकाऱ्याची नजर कमी पडली. कॅबमध्ये बसलेल्या कुणाला आठवा सर्व्हर दिसला नसता. मुद्दा पुस्तकाच्या बाजूने.

टीएसबी बँक, ब्रिटन, एप्रिल २०१८. पन्नास लाखांवर ग्राहकांची खाती एका झटक्यात नव्या यंत्रणेवर नेली आणि लाखो लोकांना आपलंच खातं उघडेना. सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला. इथे मंजुरीची वानवा नव्हती, थेट संचालक मंडळापर्यंत बदल गेला होता. फक्त मंजुरी देणाऱ्यांनी पुरेसे प्रश्न विचारले नाहीत. हाही मुद्दा पुस्तकाच्या बाजूने म्हणता येईल. पण 'मंजुरी निरुपयोगी' आणि 'झोपेत दिलेली मंजुरी निरुपयोगी' यांत फरक आहे.

क्राऊडस्ट्राईक, १९ जुलै २०२४. सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका छोट्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, विमानतळांपासून हॉस्पिटलांपर्यंत. ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतलं, तोवर व्हायचं ते झालं होतं. तपासणाऱ्या कोडला वीस नोंदी मिळत होत्या आणि अपडेटला एकविसावी हवी होती. खरी गोम पुढे आहे. मुख्य सॉफ्टवेअरचे बदल टप्प्याटप्प्याने जायचे, पण हा 'नुसता कंटेंट' म्हणून एकदम सगळीकडे गेला. म्हणजे चूक कुणाच्या मंजुरीची नव्हती, बदलाच्या वर्गवारीची होती. आपल्या चार पर्यायांत या चुकीला जागाच नाही.

पण थांबा. घटनांनाही तोच चष्मा लावा. अहवाल फक्त मोठ्या अपघातांचे निघतात. कॅबमध्ये कुणीतरी 'थांबा, त्या दिवशी पगार आहेत' म्हणालं आणि बदल पुढे ढकलला, त्याचा अहवाल कधीच निघत नाही. जे घडलं नाही ते मोजणं हीच या विषयातली खरी अडचण आहे.

माझी रात्र

आता ती गोष्ट. कमिटीतल्या त्याच मॅडमनी मला विचारलं होतं, "एवढा राग आहे कॅबवर, तर सांग, कॅब नसती तर तुझ्या कामात काय वेगळं झालं असतं?"

मला एक शनिवार आठवला. आमच्या टीमचा बदल होता डेटाबेसचा पॅच. त्यासाठी मुख्य डेटाबेस काही वेळ राखीव सर्व्हरवर न्यायचा होता. त्याच रात्री नेटवर्क टीमचा बदल होता, न वापरले जाणारे फायरवॉलचे नियम काढून टाकणं. राखीव सर्व्हरकडे जाणारा नियम महिनोन्महिने कुणी वापरलाच नव्हता. साहजिक आहे, तो राखीव होता! त्यांनी तो काढला. रात्री दोनला आम्ही डेटाबेस हलवला आणि सगळी अ‍ॅप्लिकेशन्स आंधळी झाली. कारण सापडायला चार तास गेले.

दोन्ही बदल कॅबमध्ये मंजूर होते. दोन्ही आपापल्या टीममध्ये सहकाऱ्यांनी नीट तपासलेले होते. नंतरच्या अहवालात मूळ कारण लिहिलं गेलं, 'इंजिनिअरने पूर्वतपासणी केली नाही'. तो इंजिनिअर माझ्या शेजारी बसायचा, नोकरीला लागून आठ महिने झाले होते. पुढच्या महिन्यात त्याला प्रोजेक्टवरून काढलं. मी त्या कॉलवर होते. काही बोलले नाही.

त्या रात्रीचा राग मी कॅबवर काढत होते. पण मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला गेले तेव्हा लक्षात आलं, कॅब नसती तरी हे झालंच असतं. सहकाऱ्यांची तपासणी कितीही कडक असती तरी झालं असतं, कारण डेटाबेसवाल्याला फायरवॉलची यादी दिसत नाही आणि नेटवर्कवाल्याला आमचा पॅच. ते दोन बदल एकत्र दिसण्याची एकच जागा होती: कॅबची यादी. तिथेही कुणी पाहिलं नाही, कारण कॅब एकेक बदल मंजूर करण्यात गुंतली होती. म्हणजे माझा स्वतःचाच अनुभव माझ्या प्रस्तावाच्या पहिल्या वाक्याविरुद्ध साक्ष देत होता.

गुंतागुंत नक्की कुठे आहे?

थोडं गणित करू. एका रात्री वीस बदल आहेत आणि कॅबकडे एक तास. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. पण टक्कर होते ती दोन बदलांमध्ये. वीस बदलांच्या जोड्या किती? २० गुणिले १९ भागिले २, म्हणजे १९०. प्रत्येक जोडीला एकोणीस सेकंद. हे बैठकीत होणं शक्यच नाही.

आता तेच वीस बदल पाच रात्रींत वाटा, रोज चार. एका रात्रीत सहा जोड्या, पाच रात्रींत तीस. वेगवेगळ्या रात्रींचे बदलही एकमेकांना नडू शकतात हे खरं, पण तेव्हा निदान कालपर्यंत काय चालत होतं हे माहीत असतं, कारण लवकर सापडतं. म्हणजे आठवड्याची एकच बैठक आणि शनिवारची एकच खिडकी, या रचनेनेच टकरी वाढवल्या आणि मग त्या तपासायला वेळ पुरेना.

गंमत बघा. या वाटेनेही आपण पुस्तकाच्या सल्ल्याजवळच पोचतो: बदल लहान ठेवा, वारंवार करा, साठवू नका. पण कारण वेगळं निघालं, आणि म्हणून उपायही थोडा वेगळा. मंजुरी आणि समन्वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजुरी टीमच्या जवळ न्या, समन्वय मात्र कुणीतरी टीमबाहेरून बघावा लागतो. लेखकांनाही याची जाणीव आहे. बाहेरच्या लोकांनी एकेक बदल तपासू नये, एकूण जोखमीवर लक्ष ठेवून टीम्सना मदत करावी, असं ते म्हणतात. ते वाक्य मात्र कुणी उद्धृत करत नाही. मीही केलं नव्हतं.

मग अभ्यास कसा करायचा?

माझ्या सुधारलेल्या प्रस्तावात तीन गोष्टी आहेत. तुम्हाला तुमच्या विषयात उपयोगी पडतील म्हणून सांगते.

एक, मत विचारण्यापेक्षा तिकिटांच्या नोंदी वापरायच्या. पण त्याही जपून. आम्ही कॅब चुकवायला साधा बदल 'इमर्जन्सी' म्हणून टाकायचो आणि अर्धवट फसलेला बदल 'यशस्वी' म्हणून बंद करायचो. नोंदीही माणसंच करतात.

दोन, कॅब असलेली आणि नसलेली संस्था यांची तुलना करण्याऐवजी एकाच संस्थेत पद्धत बदलली तेव्हा आधी आणि नंतर काय झालं ते बघायचं. पद्धत वेगवेगळ्या टीम्सना वेगवेगळ्या महिन्यांत लागू झाली असेल तर सोन्याहून पिवळं, कारण उरलेल्या टीम्स तुलनेला मिळतात.

तीन, फसलेल्या बदलांची नुसती संख्या घ्यायची नाही. किती वेळ, किती लोकांना झळ बसली, आणि दुसऱ्या बदलाशी टक्कर होती का, हे वेगळं नोंदवायचं.

शेवटी

पुस्तक वाचावं का? नक्की वाचा. पद्धत इतक्या उघडपणे मांडणारी पुस्तकं या क्षेत्रात थोडी आहेत. वरचे बहुतेक आक्षेप मला घेता आले कारण माहिती त्यांनीच दिली होती. सल्ला म्हणून त्यांचं म्हणणं मला आजही बरंचसं पटतं. पुरावा म्हणून ते त्या एका वाक्याच्या आवाजाएवढं मोठं नाही, इतकंच.

माझ्या प्रस्तावाचं पहिलं वाक्य आता असं आहे: 'सर्वेक्षणांत बाहेरची मंजुरी आणि संथ कामगिरी एकत्र आढळली आहेत, मात्र मंजुरीचा बदलांच्या सुरक्षिततेवर परिणाम होतो का, हे या विद्यावरून ठरत नाही.' टाळी पडेल असं वाक्य नाही हे. पण कमिटीत त्यावर कुणी बोट ठेवलं नाही, आणि पुढच्या तीन वर्षांचं काम त्यातून निघालं.

तुमच्या प्रस्तावातलं तुम्हाला सर्वात आवडणारं वाक्य शोधा. ज्या पुस्तकातून किंवा पेपरमधून ते आलंय, त्याचं पद्धतीचं प्रकरण आज रात्री पूर्ण वाचा. वाक्य टिकलं तर छान. नाही टिकलं तर मुलाखतीआधी कळलं, हेही छानच.

आणि तो शेजारचा मित्र आता दुसऱ्या कंपनीत आहे, मजेत आहे. हा लेख टाकण्याआधी त्याला वाचायला दिला होता. तो एवढंच म्हणाला, "जोड्यांचं गणित तेव्हा कुणीतरी करायला हवं होतं गं."